नैवेद्य दाखवणं आणि जेवू घालणं

नामदेवाच्या हातून विठ्ठल जेवला, ही गोष्ट मी पहिल्यांदा कधी ऐकली ते सांगता येणार नाही. हिंगोली जिल्ह्यात ती कुणी मुद्दाम ऐकवत नाही, कानावर पडतच असते. कयाधूकाठचं नर्सी आमच्या गावापासून जवळ. नामदेवांचं जन्मगाव म्हणून ते ओळखलं जातं. काही अभ्यासक त्यांचा जन्म पंढरपूरचा मानतात, पण तो वाद आमच्याकडे कुणी मनावर घेत नाही. गावोगावच्या अखंड हरिनाम सप्ताहात एक तरी महाराज ही गोष्ट सांगतातच.

एका वर्षी मात्र मला ती ऐकवेना. मी एकोणीस वर्षांची होते, पुण्यातलं कॉलेज अर्धवट सोडून घरी आले होते आणि जेवत नव्हते. महाराज रंगात आले होते. ‘भाव असला की देवसुद्धा जेवतो,’ ते म्हणाले, ‘आणि भाव नसला तर पोटचं लेकरूही ताटावरून उठून जातं.’ मंडपातल्या माना डोलल्या. माझ्या शेजारी बसलेल्या आईनं पदर तोंडाला लावला.

त्या रात्री मला वाटलं, ही गोष्टच दुष्ट आहे. त्याला आता सहा वर्षं झाली. आज मला वाटतं, गोष्टीत काही खोट नाही, ती सांगताना आपण तिचा महत्त्वाचा भाग गाळतो. माझं मत का बदललं, ते इथे लिहिते आहे.

वासना उडत नाही

आधी आजाराबद्दल थोडं. डॉक्टरांनी त्याला ॲनोरेक्सिया म्हटलं. ईटिंग डिसऑर्डर म्हणजे खाण्याशी असलेलं नातंच बिघडवणारे जे आजार आहेत, त्यांतला हा एक. आमच्या बोलीत त्याला शब्द नाही. जे शब्द होते ते सगळे माझ्यासाठी वापरून झाले: थेरं, नखरे, बाहेरचं काहीतरी लागलंय. त्यातल्या त्यात मायेचा शब्दप्रयोग होता, ‘अन्नावरची वासना उडाली.’

तो मायेचा होता, पण चूक होता. वासना उडत नाही. उलट दिवसभर डोक्यात अन्नाशिवाय दुसरं काही नसतं. अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात १९४४-४५ साली अन्सेल कीज या शास्त्रज्ञानं ३६ निरोगी तरुणांना, त्यांच्या संमतीनं, सुमारे सहा महिने अर्धपोटी ठेवलं होतं. दुसऱ्या महायुद्धात उपासमार झालेल्यांना पुन्हा कसं जेवू घालायचं, हे त्यांना शोधायचं होतं. ते तरुण पाककृतींची पुस्तकं वाचू लागले, ताटं चाटू लागले, एकेक घास पुरवून पुरवून खाऊ लागले, चिडखोर झाले आणि माणसांतून उठले. त्यांना आधी कसलाही आजार नव्हता. उपासमार स्वतःच माणसाचं डोकं असं करते. मी रात्री दोन वाजता मोबाइलवर पुरणपोळीचे व्हिडिओ बघायचे आणि सकाळी चहासुद्धा नको म्हणायचे. हे आईला कळणं शक्य नव्हतं. मलाही कळत नव्हतं.

त्यात आमच्याकडे उपवासांना तोटा नाही. एकादशी, सोमवार, गुरुवार, नवरात्र, श्रावण. बाकी काही नाकारलं तर घरी प्रश्न येतात, पण उपवास म्हटलं की कुणी विचारत नाही, उलट कौतुक होतं. मी जवळजवळ वर्षभर उपवासांच्या आड लपले होते. घरात सगळ्यांना वाटत होतं, पोरगी देवाधर्माला लागली.

दाखवणं

आता गोष्टीकडे येते. दामाशेटी हे व्यवसायानं शिंपी. घरात विठ्ठलाला रोज नैवेद्य. एक दिवस ते बाहेरगावी गेले म्हणून गोणाईनं लहानग्या नामदेवाला नैवेद्याचं ताट देऊन देवळात पाठवलं. नामदेवानं ताट ठेवलं आणि देव जेवायची वाट बघत बसला. देव जेवेना. नामदेव विनवू लागला, रडू लागला, शेवटी म्हणाला, तू जेवला नाहीस तर मी डोकं आपटून घेईन. मग देव जेवला.

महिपतीच्या ‘भक्तविजया’त (१७६२) ही कथा आहे आणि बहुतेक महाराज तिच्याच वळणानं सांगतात. गुरु ग्रंथसाहिबात नामदेवांची ६१ पदं आहेत, त्यांतल्या एका पदात हाच प्रसंग वेगळा येतो. तिथे ताट नाही, दुधाचा कटोरा आहे. मूल गोविंदाला सांगतं, हे पी, नाहीतर घरी बाप रागावेल. ख्रिश्चन नोव्हेत्झकी या अभ्यासकानं २००८ सालच्या आपल्या पुस्तकात दाखवलंय, की नामदेवांची आठवण पोथीपेक्षा कीर्तनातून टिकली आणि ‘नामा’ या नावानं अनेकांनी रचना केल्या. म्हणजे ही गोष्ट एका माणसाची नाही. ती सांगणाऱ्यांची आहे आणि त्यात कुठल्या शब्दावर जोर द्यायचा हे प्रत्येक सांगणारा ठरवतो.

महाराजांचा जोर असतो ‘भाव’ या शब्दावर. मला मात्र त्याआधी येणारं एक साधं क्रियापद महत्त्वाचं वाटतं. आपण नैवेद्य ‘दाखवतो’. ताट समोर ठेवायचं, भोवती पाणी फिरवायचं, डोळे मिटायचे, ताट उचलायचं. देव खरंच जेवेल अशी कुणाची अपेक्षा नसते आणि जेवला नाही म्हणून कुणी खोळंबतही नाही. दामाशेटी रोज हेच करत असणार. नामदेव लहान होता, त्याला दाखवणं आणि जेवू घालणं यातला फरक ठाऊक नव्हता. या गोष्टीतला तो एकटाच माणूस ताटाकडे न बघता जेवणाऱ्याकडे बघतो.

आमच्या घरात माझं ताट रोज दाखवलं जात होतं. आई वाढायची, हाक मारायची, चुलीकडे वळायची. मीही दाखवत होते. भाकरी कुस्करायची, वरण ताटभर पसरवायचं, अर्धं कुत्र्याला, अर्धं ओट्याखाली. शेवटी आई ताट उचलायची. तिला कळत नव्हतं असं नाही. तिला बघवत नव्हतं. आजार घरात टिकतो तो अशा दुतर्फा दाखवण्यावर. खाणाऱ्यानं खाल्ल्याचं दाखवायचं, वाढणाऱ्यानं वाढल्याचं.

डोकं आपटण्याची धमकी

या गोष्टीतला न पटणारा भाग झाकून ठेवण्यात अर्थ नाही. ‘डोकं आपटून घेईन’ ही धमकी आहे. ‘तू खाल्लं नाहीस तर मीही उपाशी राहीन’ हे आईनं मला कैकदा म्हटलं आणि ती खरोखर राहिलीही. त्यानं मी जेवले नाही. फक्त माझ्या न जेवण्यात आणखी एका माणसाच्या उपाशीपणाचं ओझं आलं. ‘प्रेम असेल तर ताट रिकामं होईल’ हे गणित आजारी माणसावर लावलं, की उरलेला प्रत्येक घास प्रेम कमी असल्याचा पुरावा होतो. कीर्तनात आईनं पदर तोंडाला लावला तो त्यामुळेच.

तरी गोष्टीत धमकी शेवटी येते. तिच्याआधी नामदेव काय करतो? बसून राहतो. ताट ठेवून निघून जात नाही.

१९८० च्या दशकात लंडनच्या मॉडस्ली हॉस्पिटलमध्ये ॲनोरेक्सियाच्या किशोरवयीन रुग्णांसाठी कुटुंबाला बरोबर घेणारी उपचारपद्धत आकाराला आली. त्याआधी बराच काळ डॉक्टर आईबापालाच आजाराचं कारण मानायचे आणि मुलाला त्यांच्यापासून लांब ठेवायचे. या पद्धतीनं ते उलटं केलं. दोष कुणाचा हा प्रश्न बाजूला ठेवला आणि सुरुवातीला जेवणाची जबाबदारी घरच्यांकडे दिली. वेळेला बसायचं, बरोबर बसायचं, जेवण होईपर्यंत उठायचं नाही, भांडायचं नाही. ज्यांचा आजार फार जुना झालेला नाही अशा मुलामुलींना तिचा चांगला उपयोग होतो. मी त्या वयाच्या थोडी पुढे गेले होते, पण नांदेडच्या ज्या डॉक्टरांकडे आम्ही गेलो त्यांनी याच धर्तीवर घरच्यांना काम दिलं. आईला त्यांनी सांगितलं, ‘तुमच्यामुळे हे झालेलं नाही, पण तुमच्याशिवाय हे जाणार नाही.’ आई त्या दिवशी दवाखान्याच्या पायऱ्यांवर बसून दोन भजी खाऊन घरी आली. कित्येक आठवड्यांनी तिनं माझ्यासमोर काही खाल्लं होतं.

कच्चं गाडगं

समाजाचा आधार म्हटलं की आपल्याला लगेच गोड काहीतरी आठवतं. नामदेवांच्याच चरित्रात त्याला उतारा आहे. संतमंडळी जमलेली असताना मुक्ताबाई गोरोबाकाकांना विचारतात, हे थापटणं कशाचं? गाडगं कच्चं की पक्कं ते बघायचं, काका म्हणतात आणि एकेकाच्या डोक्यावर थापटणं मारत जातात. बाकीचे गप्प बसतात, नामदेव चिडतो. निकाल लागतो, हे गाडगं कच्चं.

या प्रसंगाचा अर्थ कायम नामदेवाचा अहंकार असाच सांगतात. मला त्या चिडलेल्या पोराची बाजू घ्यावीशी वाटते. गावात मी दिसले की प्रत्येकाच्या हातात एक थापटणं असायचं. ‘कामून गं माय, तिकडं जेवायला देईनात का?’ पुढे वजन थोडं वाढलं तेव्हा तेच लोक म्हणाले, ‘आता कशी भरलीस!’ त्यांना कौतुक करायचं होतं. मी त्या एका वाक्यावर तीन दिवस काहीही खाल्लं नाही. या आजारात अंगाबद्दलची कुठलीही शेरेबाजी, वाईट काय आणि चांगली काय, डोक्यावर पडणारं थापटणंच असते.

फ्रान्झ काफ्काची १९२२ सालची ‘उपासकलावंता’ची कथा मी बरी होत असताना वाचली. एक माणूस पिंजऱ्यात बसून उपास करतो आणि लोक तिकीट काढून बघायला येतात. त्याच्यावर रात्रंदिवस पहारा असतो, गर्दी असते. त्याच्याबरोबर जेवायला बसणारं मात्र कथेत कुणी नाही. मरताना तो कबूल करतो, की मला आवडेल असं अन्न मिळालं असतं तर मीही इतरांसारखा खाल्लं असतं. बघणाऱ्यांची गर्दी म्हणजे सोबत नव्हे, एवढं मी त्या कथेतून घेतलं. गावात बघणारे पुष्कळ होते.

देऊळ फिरलं

गाडगं कच्चं ठरल्यावर नामदेव विसोबा खेचरांकडे जातात. आमच्याकडे ती भेट औंढा नागनाथची मानतात. औंढ्याचीच आणखी एक आख्यायिका आहे. नामदेवांना देवळासमोर कीर्तन करू दिलं नाही, म्हणून ते मागच्या बाजूला जाऊन उभे राहिले आणि देऊळच त्यांच्याकडे फिरलं. नंदी मागे राहिला तो त्यामुळे, असं आजही दर्शनाला गेल्यावर दाखवतात. हाकलून दिलेल्या नामदेवाकडे देऊळ फिरल्याचं गुरु ग्रंथसाहिबातल्या पदातही आहे.

या गोष्टीत चमत्कार कुणी केला हा प्रश्न मला महत्त्वाचा वाटत नाही. बाहेर काढलेल्या माणसाला कुणी हाताला धरून पुढच्या दारी आणलं नाही, इमारतीनं आपली दिशा बदलली, हे मला महत्त्वाचं वाटतं.

आमच्या घरात फिरायचं होतं ते जेवणाचं तोंड. आधी आजोबा, बाबा, भाऊ, मग पाहुणे आणि सगळं आवरल्यावर स्वयंपाकघरात आम्ही बायका. जे उरेल ते, मिळेल तसं, अर्धं उभ्यानं. कुणी किती खाल्लं हे बघायला तिथे कुणी नसतंच. माझा आजार इतके महिने कुणाच्या लक्षात आला नाही, याचं मोठं कारण ही रीत. आईच्या ताटात काय असतं हे मला तरी कुठे माहीत होतं? डॉक्टरांनी ‘सगळे एकत्र बसा’ म्हटल्यावर घरात पहिली अडचण आली ती आजोबांची. आत्यानं ती सोडवली. ती ताट घेऊन सरळ त्यांच्या शेजारी बसली आणि म्हणाली, ‘दादा, आजपासून असंच हाय.’ आजोबा दोन दिवस बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांनीच हाक मारली, ‘चला गं पोरींनो, थंड होऊ लागलंय.’

मला बरं करायला घरानं जे बदललं, त्यात आईचं जेवणही सुधारलं. हे कुणी ठरवलेलं नव्हतं.

तुपाची वाटी

आणि मग ते कुत्रं. नामदेवाची भाकरी पळवून कुत्रं धावत सुटतं आणि नामदेव तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावतात, देवा, कोरडी खाऊ नका. बरेच कीर्तनकार हा प्रसंग विसोबांच्या भेटीनंतर सांगतात, कारण आता नामदेवांना सगळीकडे देव दिसू लागला आहे. नैवेद्याच्या गोष्टीशी त्याची सांगड कुणी घातलेली मी ऐकलेली नाही. ती घालून बघा. पहिल्या गोष्टीत मूल अन्न घेऊन न हलणाऱ्या देवासमोर बसतं आणि तू खा म्हणून हट्ट करतं. दुसऱ्या गोष्टीत खाणाऱ्यानं स्वतःच घास उचललाय. नामदेव तो हिसकावत नाहीत, किती खाल्लास विचारत नाहीत, घास सोपा व्हावा एवढीच धडपड करतात. धमकीपासून तुपाच्या वाटीपर्यंत नामदेव बरंच शिकले.

आत्या हेच करायची. ती माझ्या ताटाकडे कधी बघायची नाही. जेवण झाल्यावर अर्धा तास शेंगा फोडत माझ्याशेजारी बसायची, कारण जेवणानंतरचा तो अर्धा तास या आजारात सगळ्यात वाईट. बोलायची ती हळदीच्या भावाबद्दल, शेजारणीच्या सुनेबद्दल. एकदा मी कोरडी भाकरी उचलली तेव्हा काही न बोलता ठेच्याची वाटी पुढे सरकवली. ती शाळा चार यत्ता शिकली आहे.

पंगत आणि तिच्याबाहेरचे

सप्ताह संपतो काल्याच्या कीर्तनानं. सगळ्यांच्या शिदोऱ्या एकत्र कालवलेल्या, प्रत्येकाच्या तळहातावर मूठभर. कुणाचं कोणतं ते ओळखू येत नाही. माझ्यासारखीला त्यात मोठी सुटका होती. प्रमाण मी ठरवलेलं नाही, ते मोजता येत नाही, आणि सगळ्यांच्या हातावर तेच आहे. नंतरच्या पंगतीतही तसंच. सगळे एकदम सुरू करतात, शेवटचा माणूस होईपर्यंत कुणी उठत नाही. उपचारात सांगितलेले अर्धे नियम पंगतीत आधीच आहेत. फक्त वाढप्यांचा आग्रह तेवढा सोडायला हवा.

पण पंगतीचं इतकं कौतुक करताना मला थांबावं लागतं. शाहू पाटोळे यांचं ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ (२०१५) मराठवाड्यातल्या महार-मांगांच्या जेवणाबद्दल आहे. अन्नाला पूर्णब्रह्म म्हणणारी भाषा कुणाच्या ताटावरून ठरली आणि कुणाचं अन्न तिच्यात मोजलंच गेलं नाही, हे ते पुस्तक शीर्षकापासूनच विचारतं. चोखोबा वारकऱ्यांत होते आणि देवळाबाहेर होते. ज्या पंगतीनं मला सावरलं, तिच्यात दुसऱ्या कुणाला लांब बसवलं जात असेल, तर तिला समाजाचा आधार म्हणताना जीभ अडखळली पाहिजे. आमच्या गावात ती आता लांब बसत नाही असं म्हणतात. मी बघते तेव्हा वाढपी सगळ्या आळ्यांतले असतातच असं नाही.

माझ्या वाचनावरही एक आक्षेप येऊ शकतो. रुडॉल्फ बेल यांनी १९८५ साली ‘होली ॲनोरेक्सिया’ या पुस्तकात सिएनाच्या कॅथरीनसारख्या मध्ययुगीन संत स्त्रियांच्या उपासांची तुलना आजच्या आजाराशी केली. दोन वर्षांनी कॅरोलिन वॉकर बायनम यांनी वेगळी मांडणी केली: त्या काळात अन्नाला जो अर्थ होता तो समजून न घेता त्यावर आजचं निदान डकवू नका. मला बायनम पटतात. नामदेवांच्या गोष्टीत आजार नाही आणि मी तो शोधतही नाही. पण कीर्तन आजच्या मंडपात होतं, आजच्या आईशेजारी आजची पोरगी बसून ते ऐकते. सांगणाऱ्यानं कुठे जोर द्यावा हे विचारायचा हक्क तिला आहे.

आणखी एक. आत्या आणि पंगत पुरेशी नव्हती. रक्त तपासावं लागलं, गोळ्या लागल्या, खाणं हळूहळू वाढवावं लागलं. फार दिवस उपाशी राहिलेल्या माणसाला एकदम भरपूर खायला घालणं जिवावर बेतू शकतं, म्हणून हे डॉक्टरांच्या नजरेखालीच करायचं असतं. तुमच्याबाबतीत किंवा मैत्रिणीबाबतीत असं काही चाललं असेल तर सरकारची टेलिमानस ही मोफत हेल्पलाइन आहे, १४४१६. ती मराठीतही बोलते. तिथून सुरुवात करता येते. मी अजूनही पूर्ण बरी आहे असं म्हणत नाही. वाईट आठवडे येतात.

गेल्या सप्ताहात महाराज वेगळे होते, गोष्ट तीच होती. ते ‘भावा’वर आले तेव्हा आईनं माझ्याकडे बघितलं आणि मी तिच्याकडे. कीर्तन संपल्यावर पंगत बसली. आई वाढायला निघाली होती. मी तिचा हात धरला आणि म्हटलं, आधी बस. ती बसली. आत्यानं पत्रावळीवर पुरी ठेवली, येसराची आमटी द्रोणात ओतली आणि पुढे गेली.